एकशे त्रेसष्ट शून्ये

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना सगळे कार्डबाई म्हणत. कार्डे जाऊन चौदा वर्षे झाली होती, ज्या कपाटांच्या लाकडी खणांत ती उभी असत तीसुद्धा कोणीतरी उचलून नेली होती. नाव मात्र जायला तयार नव्हते. बाविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या तेव्हा नव्या पुस्तकाचे कार्ड भरणे एवढेच त्यांचे काम होते. लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठे, विषय असे करत करत कार्डावर अकरा चौकटी असत. त्या वेळचे ग्रंथपाल करड्या शिस्तीचे होते. एखादी चौकट कोरी दिसली की कार्ड मुकाट्याने टेबलावर परत येई आणि त्यावर पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह असे. पहिल्या वर्षी बाईंनी अशी चाळीसेक प्रश्नचिन्हे पचवली. त्यानंतर कोरी चौकट म्हणजे कामचुकारपणा, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. माहिती नसेल तर शोधावी, शोधूनही सापडली नाही तर आडवी रेघ मारावी. पण कार्डाला भोक दिसता कामा नये.

संगणक आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या तिघींनी हात टेकले. बाईंनी टेकले नाहीत. त्या शिकल्या, चुकल्या, पुन्हा शिकल्या. सहा वर्षांपूर्वी विद्यापीठाने ठरवले, की संशोधकांनी गोळा केलेली माहिती कशी सांभाळावी हे ग्रंथालयानेच त्यांना शिकवावे: तक्ता कसा मांडायचा, फाइलीला नाव काय द्यायचे, प्रती कुठे ठेवायच्या, कोणत्या साधनाने सरासरी काढायची आणि आलेख कसा काढायचा. आदेश वरून घरंगळत खाली आला आणि नेहमीप्रमाणे ज्याची मान वर होती त्याच्या गळ्यात पडला. दुसऱ्या मजल्यावर पंधरा संगणकांची एक खोली मिळाली. बाईंनी आठ पानांची पुस्तिका स्वतः लिहिली. तिच्यातला चौथा नियम असा होता: ‘एकही चौकट कोरी ठेवू नये. उत्तर मिळाले नसेल तेथे शून्य लिहावे.’ आडवी रेघ मारली की संगणक बेरीज करायला नकार देई. शून्य त्याला गोड लागे. म्हणून रेघेच्या जागी शून्य आले. जुन्या शिस्तीला नवे कपडे चढवण्यात काही चुकते आहे, असे कोणालाही वाटले नाही. अठरा तुकड्या झाल्या, दोनशे एकोणीस माणसे शिकून गेली, आणि कार्डबाईंनी समजावले की दगडालाही समजते, असा त्यांचा लौकिक झाला.

एकोणिसाव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी, सोमवारी सकाळी, मत्स्यशास्त्राच्या एका संशोधक मुलीने हात वर केला.

“बाई, शंका आहे. टाक्यांतल्या पाण्याचं तापमान मी रोज घेते. मध्ये चार दिवस तापमापक बंद पडला होता. तिथं शून्य लिहू?”

“लिही. नियम चार.”

“म्हणजे चार दिवस पाणी शून्य अंशावर होतं?”

“तसं नाही गं. म्हणजे नोंद झाली नाही.”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. संगणकाला कुठं माहीत? त्याच्या लेखी माझे मासे बुधवारी बर्फात गोठले आणि रविवारी परत पोहायला लागले.”

वर्ग खो खो हसला. मागून कोणीतरी म्हणाले, “मग चमत्कारावरच प्रबंध लिही की. लवकर पदवी मिळेल!”

बाईही हसल्या, पण त्यांचे हसू इतरांच्या आधी संपले. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर दहा दिवसांचे तापमान मांडले, चार ठिकाणी शून्य घातले आणि सरासरी काढली. चोवीस अंशांचे पाणी चौदा अंशांवर आले. मग त्यांनी चारही शून्ये पुसून चौकटी कोऱ्या सोडल्या. संगणकाने कसलीही कुरकुर न करता त्या चौकटी वगळल्या आणि चोवीस हे उत्तर दिले. कोरी जागा त्याला कळत होती. बाईंनाच ती कळत नव्हती.

“नियम चार खोडा,” त्या म्हणाल्या. “पेनानं खोडा, पेन्सिलीनं नको.”

बारा पेने चालली. त्या आवाजात बाईंच्या मनात एकच विचार घोळत होता: बारा जणांचे भागले, आधीच्या दोनशे एकोणीस जणांचे काय?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हजेरीची वही काढली. नावापुढे विषय लिहायची त्यांची पद्धत होती. बोट खाली सरकू लागले. हस्तलिखितांच्या कागदाचा अभ्यास: इथे बहुधा धोका नाही. जुन्या पुलांचे मोजमाप: सांगता येत नाही. शाळकरी मुलांचे वजन: अरे देवा. सहाव्या पानावर त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिले होते, ‘सिस्टर, वृद्धांची घरगुती देखभाल’.

सिस्टर म्हणजे इस्पितळात सोळा वर्षे पाळ्या केलेली परिचारिका. चाळिशी ओलांडल्यावर रजा घेऊन ती पदवीच्या मागे लागली होती. दोन वर्षांपूर्वी ती बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. घरी राहणाऱ्या चारशे बारा म्हाताऱ्या माणसांना तिने दारोदार जाऊन प्रश्न विचारले होते. तिचा प्रबंध गेल्याच आठवड्यात नियमाप्रमाणे मांडणीच्या तपासणीसाठी बाईंच्या टेबलावर आला होता आणि बाईंनी तो पुढे जाऊ दिला होता. त्यातल्या पाचव्या प्रकरणातला एक तक्ता त्यांना पाठ होता: ‘मागील महिन्यात घरचे माणूस किती वेळा भेटावयास आले?’ या प्रश्नापुढे एकशे त्रेसष्ट जणांच्या नावे शून्य होते. सगळ्या प्रबंधाचा डोलारा त्या एका आकड्यावर उभा होता. पाचांतल्या दोघांकडे कोणी फिरकत नाही. बाईंनी हे घरी जेवताना सांगितले होते, शेजारणीला सांगितले होते, समाज कसा कोरडा झाला आहे यावर दोन शब्द जास्तच बोलल्या होत्या.

आता प्रश्न असा होता, की त्या एकशे त्रेसष्टांपैकी किती जणांनी शून्य सांगितले होते आणि किती जणांनी काहीच सांगितले नव्हते. प्रबंध पुढच्या बुधवारी दाखल व्हायचा होता. सिस्टरची रजा महिनाअखेर संपत होती, आणि परिचारिकांच्या महाविद्यालयात शिकवण्याची एक जागा पदवीवर अडून बसली होती. नऊ दिवस गप्प राहिले की सगळे सुरळीत पार पडणार होते.

दुपारी त्या ग्रंथपालांच्या खोलीत गेल्या. ग्रंथपाल त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“कोणाची तक्रार आली आहे?”

“नाही.”

“मग?”

“तक्रार नाही म्हणून चूक नाही, असं कसं, साहेब?”

“बाई, तुमच्या भल्याचं सांगतो. पुस्तिका आजच दुरुस्त करा, पुढच्या तुकडीपासून नवी वाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या महिन्यात समिती बसतेय. ह्या शिकवण्या आपल्याकडे ठेवायच्या की संगणक विभागाला द्यायच्या, त्याचा निकाल लागणार आहे. तुमचे राहिलेत तेरा महिने. सुखाचा जीव दुःखात कशाला घालता?”

“आणि ती सिस्टर?”

“ती काय दुधखुळी आहे? तिला मार्गदर्शक आहेत, परीक्षक आहेत. एवढ्या लोकांनी डोळे मिटले आणि पाप एकट्या तुमचं?”

हा युक्तिवाद लंगडा नव्हता, आणि बाईंना त्याचाच त्रास झाला. दोष पुष्कळांचा असतो तेव्हा प्रत्येकाला आपल्या वाट्याचा भाग इतका हलका वाटतो, की तो उचलायला कोणी वाकतच नाही. पंगतीतल्या प्रत्येकाला वाटावे, की पाणी वाढायला दुसरा कोणीतरी उठेल, तसे. बाई खोलीबाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी पुस्तिका दुरुस्त केली, चौथा नियम नव्याने लिहिला, छापायला दिला. मन मात्र ताळ्यावर येईना. दुरुस्त पुस्तिका पुढे येणाऱ्यांच्या कामाची होती. मागे गेलेल्यांच्या हातात जुनीच होती.

घरी त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला, त्यामुळे बायकोची एखादी चूक हाती लागली की त्यांना दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे.

“अगं, भाजी केव्हाची ढवळतेयस,” ते ओट्याशी येऊन म्हणाले. “तिला चक्कर येईल.”

बाईंनी सांगितले. ते ऐकता ऐकता स्टुलावर बसले. थट्टा बाजूला राहिली.

“आमच्याकडे अशी चूक छापून गेली की शुद्धिपत्र चिकटवायचो,” ते म्हणाले. “शेवटच्या पानावर, एवढंसं चिटोरं.”

“कोणी वाचायचं का?”

“कुत्रंसुद्धा वाचत नसे.”

“मग चिकटवायचे कशाला?”

“मालकाला त्याशिवाय झोप लागत नसे. मला लागायची म्हणा.” ते स्टुलावरून उठत म्हणाले, “पण मी मालक नव्हतो. हे पुस्तक तुझं आहे.”

जेवणानंतर बाईंनी प्रबंधाच्या प्रतीतली प्रश्नावली काढली आणि सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसल्या. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, कान तल्लख, जीभ त्याहून.

“आई, थोडे प्रश्न विचारू? एका बाईंच्या अभ्यासातले आहेत.”

“विचार. परीक्षेत पास झाले तर काय देणार?”

तेरा प्रश्न झाले. झोप किती, औषधे कोणती, जिना चढता येतो का. सासूबाई पटापट उत्तरे देत होत्या, वर टोमणेही मारत होत्या. मग चौदावा प्रश्न आला.

“मागच्या महिन्यात घरचं माणूस किती वेळा भेटायला आलं?”

“मुलगा इथंच राहतो. तो भेटायला कशाला येईल? रोज पेपर तोंडापुढं धरून बसतो, ती भेट धरायची का?”

“नाही धरायची. आणि वन्सं?”

नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. सात महिन्यांपूर्वी मायलेकींत काहीतरी बोलणे झाले होते. काय, ते घरात कोणालाच नीट माहीत नव्हते. सासूबाईंनी उशी सारखी केली. पांघरुणाची कड दुमडली, उलगडली.

“पाणी दे.”

बाईंनी पाणी दिले. “आई, तो प्रश्न...”

“पुढचा विचार.”

“हा शेवटचाच आहे.”

“मग राहू दे तसाच. माझी लेक येते की नाही, हे परक्या कागदावर कशाला?”

“मी काय परकी आहे?”

“तू नाहीस. कागद परका आहे.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

बाईंच्या हातात पेन तसेच राहिले. लेक आली नाही, हे शून्य. लेक आली नाही हे सांगायचे नाही, ही निराळी गोष्ट. लेक रोज येते आणि त्याबद्दल बोलायचे नाही, हीसुद्धा निराळीच. अशा तिन्ही माणसांच्या चौकटीत त्यांनी एकच वाटोळे भरायला शिकवले होते. ज्याने तोंड उघडले नाही त्याच्या वतीने आपण बोललो, आणि तेही त्याच्या लेकरांवर ठपका ठेवून बोललो. शिस्त म्हणून जिला आयुष्यभर जपले तिच्या पोटात एवढा उद्धटपणा असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

मंगळवारी त्या इस्पितळाच्या आवारापर्यंत जाऊन परत आल्या. बुधवारी परिचारिकांच्या वसाहतीचा जिना अर्धा चढून उतरल्या. वर कोणीतरी हसत होते आणि तो आवाज सिस्टरचा वाटला. ग्रंथालयात त्यांनी एकच पुस्तक दोनदा नोंदवले. दोन वाचक रांगेत उभे असताना खिडकी बंद करून बाहेर जाऊन आल्या. बाईंचे बिनसले आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले आणि प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे कारण लावले: शिपायाने रक्तदाबाचे, साहाय्यकाने सुनेचे. बाईंना सून नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी जिना पुरा चढला. सिस्टरने दार उघडले आणि तिचा चेहरा खुलला.

“बाई! बरं झालं आलात. तुम्हीच सांगा, निळं की काळं?” तिने बांधणीवाल्याकडून आणलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे पुढे केले. “काळं भारदस्त दिसतं, पण मैत्रिणी म्हणतात सुतकी वाटेल.”

“सिस्टर, बांधायला टाकू नकोस अजून.”

“का? समास चुकले?”

“बस जरा.”

बाईंनी उभ्यानेच सांगितले. मासे, तापमापक, चौथा नियम, चौदावा प्रश्न. सिस्टर आधी माशांवर हसली. मग हसू ओसरले. मग तिने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून कडा जुळवल्या.

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“सोमवारी.”

“आज गुरुवार आहे.”

“हो.”

“तीन दिवस काय करत होतात?”

“जिने चढत होते. उतरत होते.”

“वा! आणि मी इथं रंग निवडत होते.” तिचा आवाज चढला. “मी विचारलं होतं तुम्हाला. आठवतं? पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बाई, म्हातारी माणसं कधी कधी गप्पच बसतात, तिथं कोरं ठेवू का? तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, कोरं म्हणजे आळस. मी सोळा वर्षं रात्रपाळ्या केल्यात, बाई. मला कोणी आळशी म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन सगळी शून्यं भरली.”

बाईंना ते आठवले. सिस्टरची शंका, वर्गातले हसू, आपला थोडासा फुगलेला आवाज. सगळे लख्ख आठवले. मत्स्यशास्त्रवाल्या मुलीच्या दोन वर्षे आधी हाच प्रश्न कोणीतरी विचारला होता आणि त्यांनी तो वर्गाच्या हशावर वाहून जाऊ दिला होता. त्यांनी विचारले, “मूळ कागद आहेत?”

“असणारच. केसपेपर टाकत नाही आम्ही. माणूस गेला तरी पेपर राहतो.” सिस्टरने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडले आणि बाईंकडे न पाहता म्हणाली, “बसा आता खाली. गुडघे दुखत असतील तर दुखू देत.”

चारशे बारा कागद. शुक्रवार, शनिवार आणि रविवारचा निम्मा दिवस त्यात गेला. सिस्टर कागद हातात घेऊन चौदाव्या प्रश्नापुढचे वाचे, बाई वहीत खूण करत. पहिल्या दिवशी दोघी कामापुरत्याच बोलल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरला माणसे आठवू लागली आणि तिला गप्प बसवेना.

“ह्या आजोबांना मी प्रश्न विचारला, तर त्यांनी उठून रेडिओ मोठा केला.”

“आणि तू?”

“मी काय! दोघांनी मिळून बातम्या ऐकल्या. कागद कोरा.” तिने पुढचा कागद घेतला. “हे बघा, हे खरं शून्य. आजीनं पेन माझ्या हातातून घेऊन स्वतः काढलंय. कागद फाटलाय बघा एवढं दाबलंय.”

बाईंनी कागदावरून बोट फिरवले. फाटलेली कड बोटाला लागली.

“आणि ही बाई म्हणाली, मुलगा रोज येतो, पण भांडायला येतो. ते भेटायला आला धरू का? मी म्हटलं, तुम्ही सांगा. ती म्हणाली, मग नको धरू, आणि आला नाही असंही नको लिहू.”

रविवारी दुपारी बेरीज झाली. खरी शून्ये एकसष्ट. कोऱ्या चौकटी एकशे दोन. ज्यांनी उत्तर दिले होते अशा तीनशे दहांपैकी एकसष्ट, म्हणजे पाचांतला एक. पाचांतले दोघे नव्हेत. आणि चारांतला एक या प्रश्नापुढे गप्प राहिला होता, ज्याच्याबद्दल प्रबंधात अवाक्षर नव्हते.

सिस्टरने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. “एक सांगू, बाई? ते एकशे त्रेसष्ट पाहून मला बरं वाटलं होतं. वाईट वाटायला हवं होतं ना? मला वाटलं, एवढी माणसं एकटी आहेत म्हणजे माझ्या कामाला वजन आहे. म्हणून मी ते परत तपासलंच नाही. नियम तुमचा होता, पण हावरेपणा माझा.”

“तो माझाही होता,” बाई म्हणाल्या. “मी शेजारपाजारी सांगत फिरले तो आकडा.”

सोमवारी दोघी मार्गदर्शकांच्या खोलीत गेल्या. मार्गदर्शकांनी नवा तक्ता पाहिला, जुना काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

“पाचवं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल,” ते म्हणाले. “बुधवार सोडून द्या. मुदत वाढवून मागता येईल, पण कारण द्यावं लागतं. काय लिहू? विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा लिहिला तर वाढ मिळत नाही, आधीच सांगतो.”

बाईंनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. ग्रंथालयाच्या नावाचा कागद वापरायला ग्रंथपालांनी मनाई केली होती, म्हणून तो साधा होता. त्यावर लिहिले होते, की चुकीची सूचना प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत होती, ती पुस्तिका आपण लिहिली, संशोधिकेने त्या वेळी शंका विचारली होती आणि आपण ती उडवून लावली. खाली सही आणि तारीख.

“हे मी पुढं पाठवलं तर ते तुमच्या समितीसमोर जाणार. कल्पना आहे ना?”

“आहे.”

“ग्रंथपालांना विचारलंत?”

“सांगितलं. विचारलं नाही.”

मार्गदर्शकांनी तो कागद पुन्हा वाचला. “मीही हा तक्ता तीन वेळा पाहिला होता,” ते अर्धवट स्वतःशीच म्हणाले. बाई वाट पाहत राहिल्या. पण त्यांनी पेनाला टोपण लावले आणि कागद फाइलीत सरकवला. पुढचे वाक्य काही आले नाही.

तीन महिन्यांची मुदत मिळाली. महाविद्यालयातली जागा तीन महिने थांबेल, असे कोणी म्हणाले नाही. सिस्टर एक तारखेपासून कामावर रुजू होणार होती आणि प्रकरण सुट्टीच्या दिवशी लिहिणार होती. ग्रंथपालांनी विसाव्या तुकडीच्या सूचनेवरून बाईंचे नाव काढले. ‘समितीचा निर्णय होईपर्यंत’ असे त्यांनी लिहिले आणि ते वाचून दाखवताना त्यांना बाईंच्या डोळ्यांकडे पाहवले नाही. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि हजेरीच्या वहीतून एकेक पत्ता घेऊन, सिस्टर वगळून, दोनशे अठरा पत्रे पाठवू लागल्या. प्रत्येक पत्रात त्याच त्या चार ओळी होत्या: नियम चार चुकीचा होता, तुमची शून्ये तपासा, मूळ कागद असतील तर माझ्याकडे या, मी बसेन. आठवडाभरात चौतीस उत्तरे आली. एकाने शिव्या दिल्या. एकाने विचारले, प्रमाणपत्र अजून चालेल ना? शाळकरी मुलांच्या वजनांचा अभ्यास करणाऱ्याकडून काहीच आले नाही, म्हणून बाईंनी त्याला दुसरे पत्र पाठवले, मग तिसरे.

सिस्टर शनिवारी ग्रंथालयात आली. पुस्तके परत करण्याच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, “एकशे दोन घरं आहेत.”

“परत विचारायचं?”

“उत्तर मागायचं नाही. पण ही माणसं गप्प राहिली, एवढं तरी प्रबंधात यायला हवं. आणि ते त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहू?”

“मी येते.”

“तुम्ही येणारच आहात. मी तुम्हाला सोडतेय होय! उद्या दहाला. पहिलं घर चौथ्या मजल्यावर आहे.”

रविवारी दहाला दोघी त्या इमारतीच्या जिन्याशी भेटल्या. सिस्टर पुढे, बाई मागे. तिसऱ्या मजल्यावर बाईंनी कठड्याला धरून श्वास घेतला. सिस्टर थांबली, पण हात पुढे केला नाही. चौथ्या मजल्यावरच्या दारावर नाव नव्हते. सिस्टरने घंटा दाबली आणि एक पाऊल मागे सरली, त्यामुळे बाई आपोआप पुढे आल्या.

दार साखळीपुरते उघडले. फटीत एक म्हातारा चेहरा, विंचरायचे राहिलेले केस.

“कोण पाहिजे?”

“आजी, ह्या सिस्टर मागं एकदा तुमच्याकडे येऊन गेल्या होत्या. प्रश्न विचारायला.”

“येऊन गेल्या असतील. मग?”

“एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असे तसा नव्हता. “ते आम्ही आमच्याच मनानं भरलं. माझ्या सांगण्यावरून. ते सांगायला आलोय.”

“काय भरलंत?”

बाईंनी सिस्टरकडे पाहिले नाही. “तुमच्याकडे कोणी येत नाही, असं.”

म्हातारीने आधी त्यांच्याकडे, मग सिस्टरकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. साखळी तिने काढली नाही.

“कोणाला विचारून?”

“कोणालाही न विचारता.”

“कागद आणलाय?”

“आणलाय.”

“थांबा. चष्मा आणते.”

दार लोटले गेले. आत एक खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा. जिन्यात बसायला जागा होती. बाई बसल्या नाहीत. सिस्टरने पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला, आणि दोघी बंद दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.